वाहनाचा प्रकार

सर्जेराव: पुन्हा इचारतो मावशी, नीट आठवून सांगा. तुमाला उडवलं ते सायकलनं का गाडीनं? माझ्या फॉर्मावर 'वाहनाचा प्रकार' म्हणून एकच रकाना हाय. तितं एकच काय तरी बसतंय.

रंगूबाई: मला दिसत असतं हवालदार, तर मी बाजूला नसते का झाले? दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. बारामतीचा डाक्टर म्हणतो अजून पिकला न्हाय, पिकला की काढू. तवर समदं दुधातनं बघितल्यावानी दिसतंय.

सर्जेराव: बरं, दिसलं न्हाय. पण अंगावर आलं तवा काय लागलं? हँडल लागलं, का गाडीची टाकी?

रंगूबाई: लोखंड लागलं. मग डांबर लागलं. मग अंडी.

सर्जेराव: अंडी?

रंगूबाई: बाजारला निघाले होते. पाटीत चाळीस अंडी होती. ती माज्याआधी पडली आन मी त्यांच्यावर. लोकं पळत आली ती पिवळं बघून म्हणाली, म्हातारीचा मेंदू भाईर आला.

सर्जेराव: ते काय मी लिवत न्हाय. ऐका. मुद्देमाल मी संगं आणलाय, तुमच्या अंगणात उभा हाय. जळोचीचा रामभाऊ म्हणून रिटायर वायरमन हाय, त्यानं घरी बनवलीय. सांगाडा सायकलीचा, पण पायडल न्हायती, चेन न्हाय. मधी जुन्या जीपचा डायनामो, मागं ट्रॅक्टरची बॅटरी, आन पट्ट्यावर चाक फिरतंय. पेट्रोल न्हाय, धूर न्हाय, नंबर न्हाय. बारा दिस झालं, समदी चौकी तिच्याकडं बघत बसलीय.

रंगूबाई: मग तुमीच ठरवा की. तुमाला तर दिसतंय.

सर्जेराव: दिसतंय म्हणून तर घोटाळा हाय. साहेब म्हणाले, इंजिन किती सीसीचं हाय ते बघ, पंचवीसच्या आतलं असंल तर मोटार वाहन न्हवं. मी रामभाऊला इचारलं, सीसी किती? तो म्हणाला, हिला सीसी नसतंच. मी म्हणलं, मग शून्य लिवू? तर म्हणाला, शून्य म्हंजे बंद पडल्याली, ही तर चालती. एकोणीस वर्सं नोकरी झाली माझी, आधी इंदापूर, आता बारामती. असला रकाना कधी अडला न्हाय.

रंगूबाई: मला ह्यातलं काय उमगंना.

सर्जेराव: मला तरी कुठं उमगतंय? पण एक उमगलंय. गाडी लिवली तर लायसन आलं, नंबर आला, विमा आला, पुण्याला पत्रं आली. सायकल लिवली तर निम्मं प्रकरण हितंच मिटतंय. तुमी अंगठा द्या, मी सायकल लिवतो.

रंगूबाई: सायकल लिवायचं न्हाय.

सर्जेराव: का?

रंगूबाई: सायकल मला ऐकू येती.

सर्जेराव: मावशी, राग धरू नका. रामभाऊच्या जबाबात हाय, त्यानं तीन डाव घंटी वाजवली. तुमाला ऐकू गेली न्हाय. वयमानानं होतंय तसं, आमच्या आईचं बी झालं.

रंगूबाई: ह्येच. ह्येच तुमी म्हस्कूला सांगितलं चौकीत.

सर्जेराव: तुमच्या लेकाला? तो इचारायला आला, मी कागदात होतं ते वाचून दावलं.

रंगूबाई: आन त्यो घरी येऊन ह्या उंबऱ्यात बसला. माणूस वाईट न्हाय त्यो. भ्याला. कारखान्यावर उसाची गाडी हाकतो, रस्त्यावर काय काय व्हतंय ते रोज बघतो. म्हणाला, आये, डोळं गेलंच होतं, आता कान बी गेलं, आता बस घरात. सुनंला सांगून ठेवलंय, उंबऱ्याभाईर सोडायची न्हाय. कोंबड्या भनीकडं धाडल्या. बारा दिस मी ह्या खाटंवर हाय. पलिस्तर हाताला हाय, हवालदार. पायाला न्हाय.

सर्जेराव: पण काळजीपोटीच की.

रंगूबाई: आमची मेंढरं होती, सासऱ्याच्या टायमाला. दीडशे. त्यात कंचं खोकलं ते मी पाठमोरी सांगायची. यष्टी लांबनं घुमती. ट्रॅक्टर तळपायाला कळतो. उसाच्या गाडीचं चाक रडतं. सायकलीची चेन किरकिर करती, मडगार्ड खडखडतं. त्या दिशी ह्यातलं काय बी न्हवतं. रस्ता रिकामा होता म्हणून मी पाय टाकला. तुमी सायकल लिवली तर माजं कान गेलं असं व्हतं. मग जलमभर खाट.

रश्मी: आजी, आहात का? आलेय मी. कोण आलंय, पोलीस?

रंगूबाई: ये बाय. हवालदार, ह्या आमच्या नर्सबाई. एक दिसाआड येत्यात, नडगीची पट्टी बदलायला.

सर्जेराव: बसा सिस्टर, तुमचं काम करा. म्हंजे त्या दिशी रस्त्यावर पट्टी बांधून दुधाच्या गाडीत घालून धाडलं त्या तुमीच का? लोकं सांगत होती, नर्सबाई नेमक्या येळंला आल्या म्हणून बरं झालं. नाव काय आपलं?

रश्मी: रश्मी. आजी, पाय सरळ करा. आज ओलं दिसतंय थोडं. खाजवलं का?

रंगूबाई: माशी बसली होती.

सर्जेराव: सिस्टर, एक उपकार करा. माझा चष्मा फुटलाय. येताना त्या मुद्देमालावर बसून आलो, टेम्पो मिळंना म्हणून. कारखान्याच्या अलीकडं रस्त्यात कुत्रं झोपल्यालं. मला वाटलं उठंल. उठलंच न्हाय. मी ब्रेक दाबला, खिशातला चष्मा खाली आन वर माझाच बूट. आता जबाब लिवायचाय आन मला अक्षर दिसंना. तुमचं अक्षर चांगलं असणार.

रश्मी: मी लिहू? मला... माझ्या अजून दोन ठिकाणच्या फेऱ्या आहेत. बाळांचे डोस आहेत.

सर्जेराव: धा मिनिटं. आधी ह्यो कागद वाचून दावा मावशींना. रामभाऊचा जबाब. म्हंजे त्यांला बी कळंल मी पदरचं बोलत न्हाय. ह्या ओळीपासनं.

रश्मी: वाचायलाच हवा का?

सर्जेराव: दोनच ओळी हायत.

रश्मी: "...सदर वाहन मी स्वतः चालवत होतो. माझ्याकडे दुचाकी चालवण्याचा परवाना आहे. सांगवी फाट्याजवळ सदर वृद्ध महिला रस्त्यात आली. मी तीन वेळा घंटी वाजवली. परंतु सदर महिलेस..."

सर्जेराव: वाचा की.

रश्मी: "...सदर महिलेस ऐकू येत नसल्याने ती बाजूला झाली नाही."

रंगूबाई: ऐकलंस?

रश्मी: हे त्यांनी असं लिहून दिलंय? तीन वेळा घंटी?

सर्जेराव: सही हाय खाली. आता मावशी म्हणत्यात, आमाला सगळं ऐकू येतंय. एक खरं तर दुसरं खोटं. सिस्टर, तुमी तर एक दिसाआड येता. ह्यांचे कान कसे हायत?

रश्मी: चांगले आहेत. मी गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरते, तेव्हाच आतून हाक येते, ये बाय म्हणून.

सर्जेराव: सवयीनं असंल. येळ ठरल्याली असती.

रंगूबाई: मग बघा की आत्ताच. हितं उभं करा मला. बाय, तुजी सायकल घे, लांब जा, आन ये.

सर्जेराव: कायद्यात असलं काय न्हाय, मावशी.

रंगूबाई: तुमची वस्तू बी कायद्यात न्हाय म्हणता की.

सर्जेराव: ...बरं. चला. हात धरू का?

रंगूबाई: पलिस्तराचा धरू नका. हां. हितं, चिंचंखाली. तोंड घराकडं करते, म्हंजे डोळ्यांचा वहीम नगं.

सर्जेराव: सिस्टर, त्या पाण्याच्या टाकीपशी जा. मी हात वर केला की निघा. घंटी वाजवायची न्हाय.

रंगूबाई: गेली का? ...निघाली बघा. वाळूवर आली. टायरात हवा कमी हाय. आता गोठ्याम्होरनं... मागच्या कॅरेजला डबा बांधलाय, तो हलतोय. हवालदार, सरका, तुमी वाटंत हाय.

सर्जेराव: खरं की. टाकीपासनं पन्नास पावलं तरी हाय.

रश्मी: सगळं बरोबर सांगितलं त्यांनी?

सर्जेराव: हवा कमी हाय ते बी. आता मी ती वस्तू घेतो. सिस्टर, तुमी मावशींजवळ थांबा, पण एक शब्द बोलायचा न्हाय. त्यांला धरायचं बी न्हाय. मी जातो टाकीपशी.

रंगूबाई: गेलं का हवालदार? ...बुटाचा आवाज गेला लांब. बाय, तू हाईस न्हवं हितं? बोलू नगं, न्हाय तर म्हणत्याल हिनं सांगितलं. ...टाकीवर कुणी तरी घागर भरतंय. ...शेरडू वरडलं. ...निघतील आता. जड माणूस हाय, टायर दबंल, कळंलच की. ...अजून निघालं न्हाईत व्हय? का बॅटरी उतरली? हवालदार, सुरू करा की आता.

सर्जेराव: मावशी.

रंगूबाई: आं?

सर्जेराव: हात म्होरं करा. चांगला हात.

रंगूबाई: कशाला?

सर्जेराव: करा.

रंगूबाई: ...ह्ये काय लागलं?

सर्जेराव: हँडल.

रंगूबाई: कवा आलासा?

सर्जेराव: शेरडू वरडलं तवाच निघालो होतो. सिस्टर, पाणी द्या ह्यांला. न्हाय, मला बी द्या. बसा मावशी, ह्या कट्ट्यावर बसा. मला वाटलं, आता वळतील, मग वळतील. एक हात राहिला तरी ह्या बॅटरीचंच बोलत्यात.

रंगूबाई: धाप लागली तुमाला.

सर्जेराव: त्या कुत्र्याचं आता ध्यानात आलं. मी म्हणत होतो, कुत्रं माजलंय.

रश्मी: हवालदारसाहेब, त्या जबाबातली घंटीची ओळ खोटी आहे.

सर्जेराव: तुमाला काय ठावं? तुमी मागनं आला न्हवं का?

रश्मी: मागून नाही आले. मीच चालवत होते.

सर्जेराव: काय चालवत होता?

रश्मी: हीच. रामभाऊ माझे वडील. सांगवी, माळेगाव, वाड्यावस्त्या, रोज पंधरा-वीस किलोमीटर सायकल मारून माझ्या गुडघ्यात पाणी झालं. बाबांनी सहा महिने खपून ही बनवली. आधी घूं असा आवाज यायचा, तो त्यांनी रबर घालून घालवला. पट्टा बदलला, ग्रीस भरलं. म्हणाले, उभी हयात ट्रान्सफॉर्मरखाली गेली, आता कानाला शांत पाहिजे. शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, ऐका, काहीच ऐकू येत नाही.

सर्जेराव: थांबा. थांबा जरा. तुमी कोण म्हणलात?

रश्मी: रामभाऊंची मुलगी.

सर्जेराव: आन मग तो म्हणतो मी चालवत होतो?

रश्मी: त्यांच्याकडं लायसन आहे, माझ्याकडं नाही. मी अजून नोकरीत कायम झालेले नाही, सात महिने राहिलेत. ते म्हणाले, गाडी ठरली तर माझ्यावर येऊ दे, मी रिटायर माणूस, माझं काय जातंय. चालवताना तुला कुणी बघितलं नाही, तू फक्त पट्टी बांधलीस, एवढंच म्हण. मी गप्प बसले. घंटीचं त्यांनी लिहिलंय ते मला आज इथं वाचताना कळलं.

सर्जेराव: म्हंजे घंटी वाजवलीच न्हाय?

रश्मी: नाही. होती. अंगठ्याखाली होती. आजी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि तोंड माझ्याकडं होतं. सरळ माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, दिसतेय मी त्यांना, थांबतील. त्या बघता बघता पुढं आल्या.

रंगूबाई: तुज्याकडंच वळले आसंन. वारं तिकडनं होतं, आवाज असला तर तिकडनंच येतो.

रश्मी: आजी, मी आधीच सांगायला हवं होतं.

रंगूबाई: मला ठावं हाय तू होतीस.

रश्मी: कधीपासून?

रंगूबाई: पैल्या दिसापासनं. लोखंड लागलं तवाच कुणी तरी 'आई गं' म्हणलं. मी न्हवते म्हणाले, माजं तोंड तर अंड्यात. मग दवाखान्यातनं घरी आले, तू पट्टी सोडायला लागलीस, कापड कातडीला चिकाटलेलं, आन तूच म्हणलीस, आई गं. तोच गळा.

सर्जेराव: मावशी, मग मघापासनं मी हितं बसलोय, मला का सांगितलं न्हाय?

रंगूबाई: सांगितलं असतं तर ही आली असती का परत? दुसरी कुणी धाडली असती. आन मग माजं कान शाबूत हायत ह्ये सांगणारं दुसरं कोण होतं? त्या वस्तूला आवाज न्हाय ह्ये हिलाच ठावं. मी वाट बघत होते. ही यायची, पट्टी बांधायची, उठायची, दारात थांबायची, आन जायची. मला वाटायचं आज बोलंल, उद्या बोलंल.

रश्मी: आणि नसते बोलले तर?

रंगूबाई: ते काय मला ठावं न्हाय बाय. तुज्यावर राग बी यायचा. आन तुजा हात हलका हाय. दोनी एकदम.

सर्जेराव: माझं डोकं चालंना. एक जबाब सही होऊन साहेबाच्या टेबलावर हाय. तो खोटा. चालवणारी ही. लायसन न्हाय, पण लायसन लागतंय का तेच ठरलं न्हाय. घंटी होती, ती वाजली न्हाय. म्हंजे दोष बाईचा. पण घंटी न वाजवता सायकल आली असती तर मावशींनी वळखली असती, म्हंजे दोष यंत्राचा. आन यंत्र बनवणाऱ्याचा दोष म्हणावा तर त्यानं काय वाईट केलं? आवाज कमी केला. आवाज कमी करणं गुन्हा हाय असं कुठं लिवलंय? ट्रकवाल्याला आमी उलटं आवाजासाठी पकडतो.

रंगूबाई: तुमी जसं झालं तसं लिवा की.

सर्जेराव: जसं झालं त्याला रकाना न्हाय मावशी.

रश्मी: द्या तो कागद. मी लिहिते. आधी आजींचा जबाब, मग माझा.

सर्जेराव: सिस्टर, इचार करा. मी ऐकलं न्हाय असं धरून हितनं उठून जाऊ शकतो. ह्यांच्या कानाचं मी वायलं सांगतो म्हस्कूला. तुमची नोकरी...

रश्मी: काय सांगाल? तीन वेळा घंटी वाजली आणि यांचे कानही चांगले आहेत? म्हस्कूदादा विचारणार नाहीत का, मग आई बाजूला का झाली नाही? ती ओळ आहे तोवर आजी खाटेवरच.

सर्जेराव: बापाला काय सांगाल?

रश्मी: ते मला माहीत नाही. आजी, सांगा तुम्ही.

रंगूबाई: लिव. मी रंगूबाई, ऱ्हाणार सांगवी. डोळ्यानं अधू, कानानं शाबूत. रस्ता वलांडताना मला कसला बी आवाज आला न्हाय. कारण आवाज न्हवताच. ह्ये हवालदारांनी सोता आजमावून बघितलंय. हाय का न्हाय, हवालदार?

सर्जेराव: ...हाय. लिवा. "समक्ष खात्री केली." पण 'आजमावून' लिवू नका, साहेब इचारत्याल कुणी सांगितलं होतं.

रश्मी: आणि वाहनाचा प्रकार?

सर्जेराव: ती जागा कोरी सोडा. न्हाय, थांबा. कोरी दिसली तर परत येतंय. लिवा... बॅटरीवर चालणारी, दोन चाकी, आवाज नसल्याली. बसतंय का तेवढ्यात?

रश्मी: रकान्याबाहेर जातंय.

सर्जेराव: जाऊ द्या.

(दीड महिन्यानंतर. सांगवी फाटा, सकाळ. डोळ्यांवर आडवा हात धरून रंगूबाई रस्त्याच्या कडेला उभी आहे.)

सर्जेराव: मावशी, सर्जेराव हवालदार. वळखलं का?

रंगूबाई: बुटावरनं वळखलं. अन् बाय बी हाय संगं. सायकलीत हवा भरलीस.

रश्मी: भरली. फेरीला निघालेय, हवालदारसाहेब वाटेत भेटले. हात कसा आहे?

रंगूबाई: पलिस्तर काढलं. जरा वाकडा ऱ्हायलाय, पन पाटी धरवती. आज पयल्यांदाच निघाले बाजारला. म्हस्कूला समदा जबाब वाचून दावला न्हवं तुमी, हवालदार. मग दुसऱ्या दिशी त्यानंच भनीकडनं कोंबड्या आणल्या.

सर्जेराव: मी मुद्दाम सांगाया थांबलो. वरनं उत्तर आलंय. एक न्हाय, दोन आली. एक कागद म्हणतो, इंजिन न्हाय, सीसी न्हाय, सबब मोटार वाहन धरता येत न्हाय. दुसरा म्हणतो, माणसाच्या जोराबिगर यंत्रानं चालतंय, सबब मोटार वाहनच धरावं. दोनी कागदांवर गोल शिक्का हाय.

रंगूबाई: मग कंचा खरा?

सर्जेराव: साहेबांनी दोनी फायलीला लावले आन तिसरं पत्र धाडलं. वस्तू चौकीमागं पत्र्याखाली हाय. सोडायची झाली तर काय म्हणून सोडायची, त्याची पावती कशी फाडायची, तेच ठरंना.

रंगूबाई: आन हिचं?

रश्मी: माझं ठरलं. निष्काळजीपणाची केस आहे, पुढच्या महिन्यात तारीख. त्याला वाहन कुठलंही चालतं म्हणे. ऑफिसात मी स्वतः जाऊन सांगितलं. लेखी ताकीद दिली, आणि कायम करायचं वर्षभर पुढं ढकललं. काढलं नाही.

रंगूबाई: आन बाप?

रश्मी: खोटा जबाब दिला म्हणून साहेब खूप बोलले त्यांना. पंधरा दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मी म्हणाले, बाबा, तुम्ही मला वाचवलंत, पण त्या आजींना बहिरं ठरवलंत. परवा जेवताना एकदम म्हणाले, दुसरी बनवायची झाली तर आवाज कसला लावावा?

सर्जेराव: बनवू नका म्हणावं. एकीचाच निकाल लागंना.

रश्मी: ते थांबायचे नाहीत. म्हणतात, आज मी एकटा आहे, पण उद्या कारखान्यात बनतील, मग रस्ताभर ह्याच असतील. तेव्हा कायदा काय करणार आहे ते आधी कुणी तरी विचारायला पाहिजे. आजी, तुम्हीच सांगा ना, कसला आवाज लावावा?

रंगूबाई: कसला बी. पन तिचा तिचा लावा. बैलाचं घुंगरू लावलं तर मी म्हणंन बैल आला. त्या बैलाच्या जागी भलतंच निघायचं. वायला पायजे, अजून कशालाच नसल्याला. त्याला म्हणावं एक दिस घेऊन ये, मी ऐकून सांगते.

रश्मी: सांगते त्यांना.

सर्जेराव: मावशी, यष्टीची येळ झाली. पलीकडं जायचं न्हवं? रस्ता मोकळा हाय. चला, मी हाय.

रंगूबाई: थांबा.

सर्जेराव: अहो, काय बी येत न्हाय. मी दोनी अंगाला बघितलं.

रंगूबाई: तुमी बघितलं. उद्या तुमी नसणार. मला माज्या मनानं जाऊ द्या. रस्ता असा गप असला की आता पाय उचलत न्हाय माजा.

रश्मी: मग कधी जाता, आजी?

रंगूबाई: काय तरी वाजत येऊ द्यायचं. बघ, कारखान्याकडनं उसाची गाडी येतीया, दोन बैलांची, मोळ्या भरल्याली. चाक रडतंय बघ. तिला म्होरनं जाऊ द्यायची आन तिच्या मागनं आपुन जायचं. तिच्या मागं तेवढी जागा रिकामी असती.

सर्जेराव: अन् तिच्या मागनं काय आलं तर?

रंगूबाई: ते काय मला ठावं न्हाय, हवालदार. जवळ आली. आता बोलू नका दोघं बी.